रक्षा आली

माझा दादा सैन्यात आहे, बर्फातल्या चौकीवर. तो भरती झाल्यापासून दिल्लीत किती संरक्षणमंत्री बदलले ते आईला विचारा. प्रत्येकाचा शपथविधी तिने टीव्हीला नाक लावून पाहिलाय. कौतुकाने नव्हे हो! नवा चेहरा दिसला की तिचा एकच प्रश्न, "ह्याच्या घरचं कोणी आहे का तिकडे बर्फात?" मी काही बोलले तर माझ्यावरच खेकसायची.

त्या वेळी बरेच दिवस दादाचा फोन नव्हता. तिकडे रेंज नसते हे पाठ असूनही वहिनीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. कोसबाडच्या वाटेवर आमची चिकूची वाडी आहे. आम्ही तिघी अंगणात चिकू निवडत होतो, तेवढ्यात गावचा पुढारी फाटकातून धावत आत आला. सासुरवाडी गुजरातेत, त्यात दिवसभर हिंदी बातम्या. मराठी धड राहिलीय कुठे त्याची? दोन्ही हातांत डबा धरून तो ओरडला, "काकी, रक्षा आली! आपली रक्षा आली!"

मेल्याला म्हणायचं होतं, रक्षा मंत्रालय त्याच्या पक्षाकडे आलं. डब्यात पेढे होते. पण आपल्या मराठीत रक्षा म्हणजे माणूस जाळल्यावर उरते ती. आईने हंबरडा फोडला आणि कोणी काही बोलायच्या आत वहिनीचं कुंकू स्वतःच्या पदराने पुसून टाकलं.

आणि हा गाढव म्हणतो, "अहो, मंत्री बदलला! पेढा घ्या ना!" मी डबा हिसकावला आणि फाटकाबाहेर भिरकावला. "माणसाची खबर नाही आणि खुर्चीचे पेढे वाटतोस? चालता हो!" शेजारी मलाच समजावायला लागले, चुकून बोलला, सोडून दे. का सोडू? त्यांच्या घरचं कुंकू पुसलं होतं का? आजही तो दिसला की माझं डोकं फिरतं.

आईने वहिनीला पुन्हा कुंकू लावलं.

शेवटी दादाचा फोन आला. वहिनीने विचारलं, "अहो, तुम्हीच ना?"

तो हसला. "मग आणखी कोण?"

"नाही, नीट सांगा. तुम्हीच ना?"

आता प्रत्येक फोनवर ती आधी हेच विचारते. आम्ही त्याला काही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, बायको लाडात आलीय.