औषध पाजलेल्या म्हशीचं शेण

पाऊस उघडला होता, पण ऊन न्हाय. कागलजवळच्या त्या वस्तीवर सकाळपासनं अंगाला चिकटणारा उकाडा. शालूबाईनं गांडूळखताच्या वाफ्यावरचं ओलं गोणपाट उचललं आणि पाणी मारायचा तांब्या हातातच राहिला. गांडुळं खाली जायची सोडून काठावर चढत होती. काही भुईवर पडून वळवळत होती.

तिचं खत गावची सोसायटी घेते. तिथनं ते दहा-वीस गुंठेवाल्यांच्या उसाला जातं. लोक पोतं सोडून आधी जितं गांडूळ बघतात आणि ते आपल्या उकिरड्यात सोडतात. गांडूळ नसलं तर ती निस्ती माती.

मुंग्या नव्हत्या. पाणी साठलेलं नव्हतं. ती गोठ्याकडं तोंड करून ओरडली, "अवो, काल वाफ्यात शेण कुठलं टाकलासा?"

"आपल्याच म्हशीचं की!" नवरा, ज्ञानू, आतनं म्हणाला.

"म्हशीला काय पाजलासा?"

"जंताचं औषध. परवा. दूध वाढंल म्हणं."

"आन् त्येच शेण गांडुळास्नी?"

"गांडूळ म्हंजी जंत व्हय?"

"त्यास्नीच इचारा. घरदार सोडून निघाल्यात."

तेवढ्यात टेम्पो आला. सोसायटीचा सेक्रेटरी उदयसिंह उतरला. "काकी, भरा पोती. लोकं दारात बसल्यात."

"आज न्हाय भरत."

"खालचं खत तयार हाय की. वरचं शेण सारा बाजूला. कुणाला काय कळतंय?"

"औषध खाली किती उतरलंय, मला तरी कुठं कळतंय? लोकांच्या उकिरड्यातली बी मरतील."

"मग मी बाहेरच्या खताची पोती आणतो. एकदा लोकास्नी त्याची सवय लागली, तर मला बोलायचं न्हाय."

"आणा."

टेम्पो वळला. तिनं वरचा थर ओरबाडून जिती गांडुळं पाटीत भरली आणि शेजारच्या आक्काच्या परड्यात धावली.

"आक्का, तुझ्या गाईला औषध-बिषध?"

"मलाच कोण देत न्हाय, गाईला कोण देतंय?"

आक्काच्या उकिरड्यातलं जुनं, थंड शेण दोघींनी सावलीला पसरलं. पाटी उपडी केली. काही गांडुळं आत शिरली. बरीचशी वरच पडून राहिली. शालूबाईनं बोटानं एकाला ढोसलं, पाणी शिंपडलं, गोणपाट झाकलं, परत उचललं.

"सारखं उघडतीस कशाला? दम धर की."

दम कुठला! उरलेली आणायला ती घराकडं आली, अजून एक पाटी नेऊन ओतली, परत आली. ज्ञानू फावडं घेऊन गोठ्याच्या दारात उभा होता.

"म्हशीनं परत टाकलंय. कुठं नेऊ?"

"लांब. वेगळा ढीग करा."

डेअरीची गाडी यायची वेळ झाली होती. तिनं राखेनं हात घासले, कासंडी घेतली आणि त्याच म्हशीखाली बसली. म्हैस पाय नाचवायला लागली.

"थीर ऱ्हा की गं," ती म्हणाली आणि धार काढायला लागली.