सब्जाला वास नव्हता

शनिवारी संध्याकाळी मी सब्जाची काडी नाकाशी धरली आणि वास आला नाही. पान चुरगळलं, पुन्हा हुंगलं. काहीच नाही.

आम्ही बेने इस्राएल, घरी मराठीच बोलणारे यहुदी. सुरतेत आमची घरं मोजकी, म्हणून आमचं प्रार्थनाघर, सिनेगॉग, म्हणजे भाड्याचा एक हॉल. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते जमवता जमवता घाम फुटतो. कोरोनात हॉल पुन्हा उघडला तेव्हा नियम मीच लिहिले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, मायक्रोबायोलॉजीचा बी.एस्सी., आणि ते सांगायला मला आवडतं. खुर्च्या लांब लांब. मास्क सक्तीचा. एकमेकांच्या हाताला हात लावून बोटांचं चुंबन घ्यायची आमची जुनी रीत बंद. प्रार्थनेत लागणाऱ्या मनुकांच्या शरबताचा पेला ज्याचा त्याने घरून आणायचा.

शब्बाथ, आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, सरताना आम्ही सुगंधी पानं हुंगून बेराखा, म्हणजे आशीर्वाद, म्हणतो. सब्जाच्या काड्याही प्रत्येकाला वेगळ्या दिल्या होत्या. म्हणायची पाळी माझी, म्हणून मास्क आधी मी खाली केला. माझं झालं की बाकीचे करणार.

समोर डेव्हिडकाका. मला हिब्रू अक्षरं शिकवणारे. त्यांची किडनी बदललेली. शरीराने ती नाकारू नये म्हणून इम्युनोसप्रेसंट, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू. दहावे तेच होते.

"काय रे पदवीधर, बेराखा विसरलास?" काका म्हणाले आणि त्यांचा हात मास्ककडे गेला.

"काका, मास्क काढू नका! मला वास येत नाहीये."

मी मास्क चढवून बाहेर पळालो. मागे खिडक्या उघडल्याचा आवाज आला. प्रार्थना अर्धीच राहिली.

याला एनोस्मिया म्हणतात, वास न येणं. आरटी-पीसीआर, म्हणजे नाकातल्या स्रावाची तपासणी, पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी मला आमचे नियम विचारले आणि म्हणाले, "हाथ तो साचव्या, पण श्वासनुं शुं?" हात सांभाळलेत, श्वासाचं काय? बंद हॉलमध्ये सगळे एकदम मास्क उतरवणार होते. हे माझ्या डिग्रीला सुचलं नव्हतं.

ताप दोन-तीन दिवसांत उतरला. जड गेली ती काकांच्या तपासणीची वाट. जेवण बेचव होतंच, फोन वाजला की ताट बाजूला सारायचो. शेवटी काकांचाच फोन आला. दुसरी तपासणीही निगेटिव्ह.

"रडतोस काय, गाढवा?"

"नाही काका, सर्दी आहे."

"बरं. ऐक, पुढच्या वेळी अंगणात बसू. नियम तूच लिही, पण डॉक्टरला दाखव."

तुमच्यावर अशी वेळ आली, देवळात, मशिदीत, कुठेही, तर मोठ्याने सांगा. सगळे वळून बघतील. लाज वाटेल. प्रार्थना मोडेल. मोडू द्या. ती पुढच्या शनिवारी करता येते. दहाची दहा माणसं तेव्हा असायला हवीत.