तिसऱ्या नोझलचा पाइप

आदरणीय नाना, म्हणजे श्री. गजानन पांगारे, यांना पंचाहत्तरावे वर्ष लागले आणि बिबवेवाडी परिसरातल्या आम्हा गॅरेजवाल्यांनी गौरवग्रंथ काढायचे ठरवले. ही बातमी नानांच्या कानावर घातली तेव्हा ते म्हणाले, "ग्रंथ? सर्व्हिसचं पुस्तक तरी उघडता का तुम्ही लोक?" त्यांची संमती मिळाली असे आम्ही गृहीत धरले.

नानांची माझी पहिली भेट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. मी मूळची वाशीमची. डिप्लोमा करून पुण्याला आले, एका कारखान्यात इंजिन जोडणीवर आठ वर्षे काढली आणि एके दिवशी ते खातेच बंद झाले. वय चौतीस, हातात पान्याची सवय, आणि बाईमाणूस म्हणून गॅरेजमध्ये कुणी उभे करीना. कुणीतरी नानांचे नाव सांगितले. मी गेले तेव्हा नाना एका मिनीबसखाली आडवे होते. तिथूनच त्यांनी विचारले, "शिक्षण?"

"मेकॅनिकलचा डिप्लोमा."

"असू द्या. त्यानं काही अडत नाही," असे म्हणून त्यांनी बसखालून हात बाहेर काढला. "तो बारा-तेराचा पाना द्या."

तीच माझी मुलाखत. आठवडाभरात गॅरेजच्या मागच्या बाजूला माझ्यासाठी पत्र्याचा आडोसा उभा राहिला, आत नळ आला, आणि दाराला आतून भक्कम कडी बसली. नाना त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. ते सगळे त्यांनी काकूंना, म्हणजे आपल्या पत्नीला, विचारून केले होते, हे मला काकूंकडूनच पुढे कळले. नानांचे उपकार असेच असतात. आभार मानायला गेले की ते कुठल्यातरी इंजिनात डोके घालतात.

आता कामाविषयी. डिझेल इंजिन बदलायचे म्हणजे जुने उतरवायचे आणि दुसरे चढवायचे, एवढेच बाहेरच्यांना दिसते. साखळी-कप्पीने इंजिन जागेवर आणणे हे ताकदीचे काम. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. डिझेलच्या पंपापासून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक नोझलपर्यंत पेन्सिलीपेक्षा बारीक असा पोलादी पाइप जातो. चार सिलिंडरना चार पाइप. त्यांतून डिझेल प्रचंड दाबाने धावते. पंपापासून एक नोझल जवळ असते, एक लांब. तरीही आमच्याकडे येणाऱ्या या जुन्या धाटणीच्या इंजिनांत चारही पाइपांची लांबी सारखीच ठेवतात. जवळच्या पाइपाला मुद्दाम वळसे दिलेले असतात. कारखान्यात आठ वर्षे मी हे पाइप तयार आलेले बसवले होते, पण वळसे कशाला हे कुणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. नानांनी सांगितले, "पंगतीत जवळच्याला आधी आणि लांबच्याला मागून वाढलं तर भांडण होतं. इथं प्रत्येकाच्या पानात आपापल्या पाळीला, नेमक्या क्षणी पडलं पाहिजे. नाहीतर इंजिन भांडतं."

बदलून आणलेल्या इंजिनाचा पंप कधी थोडा वेगळा असतो, कधी पाइपच गहाळ झालेला असतो. मग जुना पाइप वाकवून, ओढून जमवण्याचा मोह होतो. बाजारात सर्रास असेच चालते. नानांकडे चालत नाही. सुतळी घेऊन लांबी मोजायची, तोच पाइप शोधायचा, नाहीतर करून घ्यायचा. तोवर गाडी चार दिवस उभी राहिली तरी हरकत नाही. "गिऱ्हाईक चार दिवस शिव्या देतं, चुकीचा पाइप जन्मभर देतो," हे त्यांचे वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

नानांच्या गॅरेजमध्ये एक रिवाज आहे. पाइपाचा नट दोन्ही टोकांना बोटांनीच शेवटपर्यंत फिरला पाहिजे. पाना लावायचा तो फक्त शेवटच्या आवळणीला. नट बोटांनी फिरत नसेल तर पाइप चुकीचा. बसवणाऱ्याने प्रत्येक पाइपाला मोठ्याने पुकारायचे, "एक, हाताने. दोन, हाताने." नाना तपासायला येत नाहीत. चार वेळा 'हाताने' ऐकले की गाडी सोडतात. नव्या माणसाला हे गमतीचे वाटते. मलाही वाटले होते.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला जड जाते, पण ते टाळून केलेला गौरव खोटा ठरेल.

काही वर्षांपूर्वी नानांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. ते घरी विश्रांती घेत होते आणि गॅरेज माझ्यावर होते. खराडीच्या बाजूचे ज्ञानोबा यांची बस इंजिन बदलायला आली होती. ज्ञानोबांची जमीन शहरात गेली, त्यानंतर त्यांनी कंपन्यांची माणसे ने-आण करायला दोन बसगाड्या घातल्या होत्या. आणलेल्या इंजिनाला तिसऱ्या नोझलचा पाइप नव्हता. ज्ञानोबा रोज दोनदा फोन करत होते. भिंतीवर टांगलेल्या जुन्या पाइपांतला एक मी काढला. तो बोटभर आखूड होता. गुडघ्यावर दाबून वळण सरळ केले आणि पाना लावून नट ओढून घेतला. इंजिन एका झटक्यात सुरू झाले, आणि आपल्याला जमले याचा मला आनंदच झाला.

संध्याकाळी नानांना भेटायला गेले. काळा चष्मा लावून ते कोचावर बसले होते. "चारही हाताने?" त्यांनी विचारले.

"हो नाना, चारही हाताने."

"छान," नाना म्हणाले आणि काकूंना चहा टाकायला सांगितला. तो चहा मी प्याले.

दहा दिवसांनी नाना ऑपरेशननंतर पहिल्यांदाच गॅरेजमध्ये आले. वाकायला आणि धुळीत जायला डॉक्टरांची बंदी होती, म्हणून दारात खुर्ची टाकून बसले. सकाळी नऊच्या सुमारास ज्ञानोबांचा मला फोन आला. "ताई, गाडीत डिझेलचा लई वास येतोया. पोरी नाकाला रुमाल लावून बसल्यात. पर चालतीया, संध्याकाळच्याला आणतो."

मला कळले. ओढून बसवलेला पाइप हादऱ्यांनी मानेपाशी, म्हणजे नटाजवळ, तडकला असणार, आणि त्याच्याजवळूनच तापलेला सायलेन्सरचा पाइप जातो. गाडीत बावीस माणसे होती. गाडी आत्ताच्या आत्ता थांबवायची तर कारण सांगावे लागणार, आणि कारण सांगायचे तर नानांसमोर. मी नानांच्या खुर्चीकडे दोन पावले टाकली. ती दोन पावले मला अजून आठवतात.

"नाना, ज्ञानोबांचा तिसरा पाइप मी पान्याने ओढला होता. तुम्हाला खोटं सांगितलं."

नाना रागावले नाहीत आणि 'असं कसं केलंत' असेही म्हणाले नाहीत. "फोन लावा. गाडी आहे तिथं उभी करायची, माणसं खाली, बाजूला. आणि स्कूटर काढा."

नगर रस्त्याच्या कडेला बस उभी होती. माणसे झाडाखाली, पण ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवले होते. मी झाकण उघडून गळती कुठे आहे ते चाचपायला हात पुढे केला, तोच नानांनी माझे मनगट गच्च धरून मागे ओढले. त्या दाबाची धार दिसत नाही. ती कातडीत शिरते, टोचल्यासारखे वाटते, आणि बोट जायची पाळी येते. हे मला माहीत नव्हते असे नाही. पण चूक केलेल्या माणसाचे हात डोक्याच्या आधी धावतात. नानांनी शेजारच्या टपरीवरून पुठ्ठ्याचा तुकडा आणवला आणि लांबून पुढे धरला. पुठ्ठ्यावर ओली रेघ उमटली. तिसऱ्या पाइपाच्या मानेला तडा होता, आणि तापलेला पाइप तिथून वीतभरही लांब नव्हता. नानांनी इंजिन बंद करायला लावले.

ज्ञानोबा लालबुंद झाले होते. "नाना, तुमच्या नावावर गाडी दिली व्हती म्या. ही मानसं जळाली असती तर? जमीन गेली, आता अब्रूबी घालवता का?"

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"चूक माझ्या गॅरेजची आहे," नाना म्हणाले. "ज्ञानोबा, तुम्ही बोलताय ते सगळं बरोबर आहे. पाइप येईपर्यंत दुसरी बस मी लावून देतो." येताना स्कूटरवर मागे बसून ते एकच वाक्य बोलले, "उजवीकडं घ्या, तिकडं खड्डे कमी आहेत."

बस ओढून गॅरेजमध्ये आणली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी योग्य मापाचा पाइप आला. माझे इथले दिवस संपले असे धरून मी हत्यारे पिशवीत भरली होती. आमचे दुसरे फिटर रमेश पाइप घ्यायला पुढे झाले. नाना म्हणाले, "रमेश, तुम्ही बसा. ताई लावतील. अहो ताई, पिशवी कुठं घेऊन निघालात?"

मी पाइप लावला. दोन्ही नट बोटांनी शेवटपर्यंत फिरले, कुठेही अडले नाहीत. मग पाना घेऊन आवळले. पुकारायची वेळ आली आणि मी पाना पुसत बसले. खोटे बोललेल्या माणसाच्या शब्दाला आज काय किंमत, असे वाटत होते.

"ताई, ऐकू आलं नाही," खुर्चीतून नाना म्हणाले.

"तीन, हाताने."

ज्ञानोबा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "नाना, एकदा तुमी हात लावून बघा की. वाकू नका, मी धरतो तुमास्नी."

नानांनी मान हलवली. "ताईंनी सांगितलंय ना? गाडी काढा."

त्या दिवसानंतर आजवर नानांनी हा विषय एकदाही काढलेला नाही, माझ्याशी नाही आणि इतर कुणाशीही नाही. या लेखासाठी परवानगी मागायला गेले तर म्हणाले, "लिहा. पण पाइप बोटभर आखूड होता, अर्धं बोट लिहून स्वतःला सवलत देऊ नका."

मला माणूस म्हणून उभे करणारे पुष्कळ असतील. आईवडील आहेत, शिक्षक आहेत. पण मी स्वतः पडले, तेही त्यांनाच फसवून, आणि तरीही ज्यांनी मला उठवले ते नानाच. नाना, आपले डोळे स्वच्छ राहोत, गुडघे कुरकुर न करोत, काकूंची साथ अशीच लाभो, आणि आपली शंभरी आम्हाला याच गॅरेजच्या दारात, आपल्याच बोलण्याचे फटके खात साजरी करायला मिळो. खोटे बोलल्याची कबुली देणाऱ्या बाईच्या शब्दावर दुसऱ्याच दिवशी बावीस माणसांची बस सोडणारा माणूस मला पुन्हा कुठे भेटायचा? म्हणून देवाकडे एवढेच मागते: नाना, आपण खूप वर्षे राहा.