पुठ्ठ्याची चिलखतं

रोहिणीताई टेमगिरेने पहिल्याच दिवशी मला खोक्यात बांधलं. ओळख ना पाळख, मी चिंचवडच्या त्या स्टुडिओत रुजू होऊन तासभरही झाला नव्हता. परदेशी कंपन्यांच्या व्हिडिओ गेमसाठी माणसं, राक्षस, घरं, हत्यारं बनवून द्यायची, हे आमचं काम. पात्रं ती कागदावर काढणार आणि मी ती कॉम्प्युटरवर घडवणार, असं ठरलेलं. तिने एसीचं रिकामं खोकं कापून त्याचे छातीचा आणि पाठीचा असे दोन भाग केले होते. खांद्यांवर पुठ्ठ्याचे दोन डोंगर चढवले होते. ते सगळं सुतळीने माझ्या अंगावर आवळून ती मागे सरकली आणि म्हणाली, "आता पानी पी."

मी बाटली उचलली, पण कोपर वर येईना. खांद्यावरचा पुठ्ठा गालात रुतला आणि पाणी शर्टावर सांडलं. सगळा स्टुडिओ खिदळत होता, ती मात्र हसली नाही. ज्याने त्या चिलखताचं चित्र काढलं होतं त्या आर्टिस्टकडे वळून म्हणाली, "बघ. तुझा सेनापती तहानंनं मेला. लढाईला कवा जायचा त्यो?"

खरं सांगतो, मला ती आवडली नाही. माझ्यासारखा धाराशिवहून आलेला, संत तुकाराम नगरात कॉट बेसिसवर राहणारा माणूस नव्या नोकरीत जरा मान मिळेल अशा आशेवर असतो, आणि हिने माझं बुजगावणं केलं. पण पुढे महिन्याभरात मीच घरून येताना दुकानांबाहेर टाकलेली खोकी उचलून आणायला लागलो. कुठलंही चिलखत आधी पुठ्ठ्याचं करायचं, कुणाला तरी घालायचं, त्याला बसवायचं, जिना चढवायचा, पाणी प्यायला लावायचं आणि मगच त्याचं चित्र पुढे जाऊ द्यायचं, ही तिची रीत होती. क्लायंटशी ती छान इंग्रजीत बोलायची. आमच्याशी मात्र तिच्या गावचंच. "मीटिंगमधी दमते रे मी, आता नीट बोलू दे," म्हणायची.

गाव चाकणच्या पुढे, राजगुरुनगरच्या वाटेवर. शेताच्या जागी कंपन्या आल्या, वाटण्या झाल्या, आणि टेमगिऱ्यांकडे उरलं ते घर आणि विहिरीकडचा तुकडा. ती रोज स्कूटीवरून मोशीमार्गे यायची, ट्रेलरच्या रांगांना शिव्या घालत. आल्यावर तोंडावरचा स्कार्फ सोडायच्या आधी आदल्या दिवशीच्या चित्रातली चूक सांगायची.

पूर्वेकडची चिलखतं आणि पश्चिमेकडची चिलखतं हा तिचा जिव्हाळ्याचा विषय. "त्यांचं चिलखत काढून ठिवलं तरी उभं ऱ्हातं. आपलं घडी घालून ठिवता येतं. हितनं सुरवात कर," असं ती नव्या माणसाला सांगायची. युरोपातलं चिलखत म्हणजे अंगाच्या मापाचे पोलादी पत्रे, प्रत्येक सांध्याला वेगळा तुकडा. आपल्याकडे, आणि पार जपानपर्यंत, कड्या, पट्ट्या, दोऱ्या, आत कापूस भरलेला अंगरखा. तिकडची तलवार सरळ आणि दुधारी, इकडची बहुतेक करून वाकडी. पण कुणी छाती फुगवून आपलंच भारी म्हणालं की ती खवळायची. एकदा एकजण म्हणाला, ते लोक चिलखत घालून पडले की उठताच येत नसे त्यांना. "मंग ती काय येडी व्हती का, घालून लढायला? हेल्मेट घालून गाडीवरनं पडलास तर उठत न्हाईस का तू?"

गिरीश सर म्हणजे आमचे लीड. माणूस सज्जन, पण वाकडी तलवार दिसली की त्यांना ते एकजात 'ईस्टर्न' वाटायचं. एका योद्ध्यासाठी त्यांनी नमुन्याची चित्रं एका फलकावर जमवली, तर शिरस्त्राण जपानी, अंगात राजस्थानी कड्या आणि पायात तुर्की बूट. रोहिणीताई त्या फलकासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सर, ह्यो मानूस जलमला कुठं? ह्याची आई कोन? थंडीतला का उन्हातला?" सर म्हणाले, "रोहिणी, गेम आहे गं, काल्पनिक आहे." ती म्हणाली, "काल्पनिक असला तरी अंग हाय न्हवं त्याला?"

हातमोज्यांवर मात्र तिचा फार वेळ जायचा. बाकीचं चित्र ती झपाझप उरकायची, पण पोलादी पंजा आला की कागदामागून कागद जायचे. मला ते काही कळत नव्हतं. कळलं ते तिच्या गावच्या जत्रेनंतर.

चैत्रातल्या जत्रेला तिने आम्हा चौघा-पाचजणांना घरी जेवायला बोलावलं होतं. तिचा थोरला भाऊ प्रकाशदादा पाहुण्यांची सरबराई करत होता. चटया टाक, पाण्याचे जग भर, म्हाताऱ्यांना हाताला धरून बसव, सगळं डाव्या हाताने. उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला. मला वाटलं, पाहुण्यांची ताटं पुसायला घेतला असेल. पंगत बसली तेव्हा मी म्हणालो, "दादा, तुम्हीपण बसा की आमच्यासोबत." तो हसून म्हणाला, "घ्या पाव्हणं तुमी. माझा उपास हाय." जेवून मी मागच्या दाराला हात धुवायला गेलो, तर मोरीशेजारच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून डाव्या हाताने भाकरी कुस्करत होता.

सोमवारी चहाच्या टपरीवर रोहिणीताईने सांगितलं. "कंपनीत प्रेसमधी गेली दादाची तीन बोटं. पत्रा तिरका बसला म्हनून सरळ करायला हात घातला, आन् प्रेस खाली आला. डाव्या हातानं जेवताना कुनी बघावं न्हाई वाटत त्याला. लग्नाला जात न्हाई, तेराव्याला जात न्हाई. आई बी समोर बसली तर ताट उचलून आत जातो." मग चहाचा ग्लास ठेवून म्हणाली, "त्याला पुन्यांदा पंगतीत बसलेला बघायचाय मला. बास, येवढंच."

त्यानंतर एका नव्या गेमचं काम आलं. युरोपातले सरदार असलेल्या त्या गेममध्ये क्लायंटला पूर्वेकडचा एक योद्धा हवा होता, आणि काय काढायचं ते आमच्यावर सोपवलं होतं. रोहिणीताईने पट्टा काढला. पट्टा म्हणजे कोपरापर्यंतचा पोलादी हात आणि त्याच्या पुढे सरळ लांब पातं. मूठ आत असते. मनगट वळत नाही, वार खांद्यातून आणि कमरेतून येतो. आणि तिचा योद्धा तीन बोटांनी अधू होता. पकड कमी पडते म्हणून दंडाला एक जास्तीचा चामडी बंद. लढाईआधी तो उघडा पंजा त्या पोलादी हातात घालताना दिसणार होता. चित्र बघून गिरीश सरसुद्धा खुर्चीतून उठले.

त्या पंजासाठी तिला दादाच्या हाताचे फोटो हवे होते. तो ऐकेना. "माझी नाचक्की परदेशात पन न्हेतीस का?" म्हणाला. तिने पुठ्ठ्याचा पट्टा करून घरी नेला. एका रविवारी गच्चीवर त्याने टॉवेल सोडला आणि हात आत घातला. मी तिथे होतो, फोटो मीच काढले. त्याने एक फेर घेतला, मग दुसरा. पुठ्ठ्याचं पातं हवेत सूं करून गेलं. अपघातानंतर उजव्या हाताने त्याने केलेलं ते पहिलं काम असावं. घामाघूम होऊन म्हणाला, "रोहे, ह्यात बोटं लागत्यातच कुठं गं?"

मग काय, सगळ्या गावाला त्याने सांगून टाकलं. देवळाच्या पारावर, सलूनमध्ये, डेअरीवर. "माझा हात यनार हाय गेममधी. हाय तसा." रोहिणीताई मला म्हणायची, "सच्या, पारावर बसायला लागलाय त्यो. टॉवेल असतोय, पन बसतोय." त्या दिवसांत ती इतकी खूश असायची की कुणालाही खोक्यात न बांधता घरी जायची.

क्लायंटला चित्र पसंत पडलं. घोटाळा पुढे झाला. गेममधल्या पात्राच्या आत एक सांगाडा असतो, तो हलतो तसं पात्र हलतं. या गेममध्ये सगळ्या योद्ध्यांना एकच सांगाडा आणि वार करायच्या एकाच साच्यातल्या हालचाली होत्या. त्या बसवल्या होत्या युरोपी तलवारीवर, मनगट वळवून मारायच्या वारावर. पट्टा चढवला आणि पहिल्याच वाराला पातं योद्ध्याच्या स्वतःच्या मांडीतून आरपार गेलं. आम्ही पट्टा दादाच्या हातावर घालून बघितला होता. तो सांगाड्यावर घालून बघायचं कुणाला सुचलं नाही, आणि जिने सुचवायला हवं होतं ती रोहिणीताईच होती.

क्लायंटची माणसं अगदी अदबीने बोलली. एका पात्रासाठी वेगळ्या हालचाली करणं शक्य नाही, पट्ट्याऐवजी वाकडी तलवार द्या. गिरीश सर भांडले. या सज्जन माणसाला आवाज चढवताना मी तेव्हाच पाहिलं. उपयोग झाला नाही. तलवार दिली, तर ती दोन बोटांच्या हातात लटकल्यासारखी दिसायला लागली. मग एका ओळीचा निरोप आला, बोटं पूर्ण करा.

ते काम माझं होतं. रोहिणीताई माझ्या टेबलाशी आली. "ऊठ. दुसऱ्यानं लावली तर वाकडी लावंल." माझ्या खुर्चीत बसून तिने गच्चीवरचे फोटो उघडले आणि त्यातला दादाचा डावा हात निवडला. त्याची तीन बोटं घडवली, आरशात दिसावी तशी उलटी केली आणि उजव्या पंजावर बसवली. नखांच्या बाजूचं कातडं, मधल्या बोटावरचा जुना घट्टा, सगळं तसंच. मी शेजारी उभा होतो. मला तिला थांबवावंसं वाटत होतं, पण थांबवून करणार काय होतो?

दादाला हे सांगायचं तिचं धाडस झालं नाही. आज सांगते, उद्या सांगते करता करता गेम बाहेर आला. गावातल्या कुणीतरी डाउनलोड करून पारावर फोनवर लावला. लोक म्हणाले, "प्रकाश, लेका, ह्याचा हात तर धड हाय की." संध्याकाळी त्याने तिला विचारलं, ही बोटं कुणाची. ती म्हणाली, "तुझीच हायेत दादा. डाव्या हाताची उलटी करून लावली." त्याने आपला डावा हात उलटसुलट करून बघितला. "एक हात मशिननं न्हेला," म्हणाला, "दुसरा तू न्हेलास."

मग बोलणं बंद. एका घरात राहून, एका चुलीचं खाऊन. रोहिणीताईने थोड्याच दिवसांत स्टुडिओ सोडला. कारण विचारलं तर म्हणाली, "माझा हात चालंना." निरोपाचा केक कापला तेव्हा एकजण गमतीने रिकामं खोकं घेऊन तिच्याकडे गेला. तिने ते घेतलं, चपटं केलं आणि कचऱ्याच्या डब्यामागे नीट उभं करून ठेवलं. मला फार वाईट वाटलं. या बाईने आम्हाला शिकवलं होतं की चिलखत आधी कुणाच्या तरी अंगावर असतं, आणि आम्ही तिला केक भरवून रवाना करत होतो.

तरीही पुढे जत्रा आली तेव्हा तिचा फोन आला, "येशील ना रे?" मी एकटाच गेलो. अंगणात पंगत मांडली होती. ती रश्श्याची बादली घेऊन पुढच्या टोकाला उभी. पंगत बसतेय तोवर प्रकाशदादा घरातून आला आणि माझ्या शेजारी चटईवर मांडी घालून बसला. समोरच्या रांगेत पारावरची मंडळी होती. त्याने टॉवेल सोडला, झटकला, खांद्यावर टाकला आणि उजवा पंजा ताटाशेजारी सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"बघून घ्या," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "त्यो गेममधला खोटा हाय. माझा ह्यो हाय."

जो तो आपल्या ताटाकडे बघत होता. डाव्या हाताने त्याने भाकरी मोडायला घेतली, ती निसटली, परत घेतली. मी मदत करायला हात पुढे केला, तर त्याने नुसतं बघितलं, आणि मी हात मागे घेतला.

रोहिणीताई वाढत वाढत आमच्यापर्यंत आली आणि थबकली. त्याला पंगतीत बसलेलं बघायचं होतं तिला, आणि आता तिला वर बघवत नव्हतं. ती बादलीतला पळा नुसताच रश्श्यात फिरवत होती.

तिच्याकडे न बघता दादा म्हणाला, "वाढ की."