फडकेबाईंच्या घरात पुसतं कोण?

माझ्या मोठ्या जावेला आमच्या जिन्यात सगळे फडकेबाई म्हणतात. आडनाव ते नाही, हे नाव हातातल्या फडक्यावरून पडलंय. लग्न होऊन मी या कुटुंबात आले तेव्हापासून बघतेय, हिच्या घराचं वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक! सोमवारी स्वयंपाकघरातले डबे उतरवून फळ्या पुसायच्या, मंगळवारी पंखे आणि जळमटं, बुधवारी काचा आणि आरसे, गुरुवारी पलंग सरकवून खालचा केर. रोजचा केर-पोछा वेगळाच. पाहुणा येवो नाहीतर अंगात ताप असो, बुधवार म्हणजे काचा. एकदा मी म्हटलं, "ताई, एक दिवस राहू दे ना, जग काही बुडत नाही." तर म्हणाली, "तुझ्या घरात बुडालेलंच आहे, तुला काय कळणार!" दारं समोरासमोर आहेत आमची, त्यामुळे टोमणे कसे ताजे ताजे मिळतात.

तर अशी ही बाई एका दुपारी माझ्याकडे आली. आधी दार लावून घेतलं, मग खुर्ची हाताने झटकली, बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझ्या घरात कुणीतरी पुसतंय."

"म्हणजे?"

"मी पुसलेलं माझ्या मागून परत पुसतंय कुणीतरी."

मला हसूच फुटलं. चोर शिरला, कपाट फोडून गेला, हे ऐकलंय. चोर येऊन फरशी पुसून गेला हे नवीनच! पण तिचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं. ती सांगायला लागली. सकाळी फडकं धुऊन ती नळावर टाकते, दुपारपर्यंत ते वाळायला हवं. तर संध्याकाळी हात लावावा तो ओलं गार, आणि चक्क घडी घातलेलं. घडीसुद्धा टोकाला टोक जुळवून. बादली दाराशी ठेवावी तर ती नळाखाली सापडते. साबणाचा वास यायला नको तिथे वास येतो.

"मग सूनबाई असेल," मी म्हटलं.

दुसरं कोण असणार? घरात माणसं तीन. ही, माझे दीर आणि सून. मुलगा नोकरीसाठी परगावी, महिन्याकाठी येतो. दीरांनी जन्मभर छापखान्यात पुस्तकं बांधली आणि आता घरी बसून पेपर वाचतात. प्यायचं पाणीसुद्धा त्यांना हातात लागतं. त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे भिंतीवरच्या घड्याळावर घेण्यासारखं. सून मात्र बँकेत आहे, दुपारच्या सुट्टीत घरी जेवायला येते. आणि नेमकी त्याच वेळी ताई माझ्याकडे चहाला असते.

"तीच," ताई म्हणाली. "तोंडावर आई, आई करते आणि पाठ वळली की माझ्या कामाला नाक मुरडते." एवढं बोलून तिचा आवाज कापायला लागला. "अगं, मी आयुष्यात दुसरं केलं काय? बाहेरचं सगळं यांनी बघितलं. मी हे घर स्वच्छ ठेवलं, बस. तेच जर कुणी मागून निस्तरत असेल तर मी या घरात कोण? पाहुणीच ना? तसं असेल तर मी तिला तोंडावर सांगणार, घे बाई तुझं घर, मी बसते कोपऱ्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालची पोर, आणि फडकेबाईंच्या चुका काढते? म्हटलं, बघतेच हिच्याकडे. दुसऱ्याच दिवशी काहीतरी निमित्त काढून त्यांच्याकडे गेले. सूनबाई टेबलापाशी उभी होती. तिने टेबलावरून हळूच बोट फिरवलं आणि ते बोट निरखून बघितलं! मग मला बघून पदराला, म्हणजे ओढणीला, पुसलं. वर ताईला विचारते कशी, "आई, टेबल पुसून झालंय का?"

"का गं? दिसत नाही?" ताईचा आवाज करवतीसारखा.

"नाही, सहज विचारलं."

सहज म्हणे! ही मुलगी कधी सहज काही बोलत नाही, मला माहीत आहे.

मंगळवारी ताईने सापळा लावला. दुपारी माझ्याकडे यायच्या आधी फ्रिजवर मुद्दाम चिमूटभर पीठ भुरभुरवलं. परत जाऊन हात फिरवला तर वरचा पत्रा गुळगुळीत. आता पुरावाच मिळाला. ठरलं, बुधवारी रंगेहाथ पकडायचं.

बुधवारी आम्ही दोघी माझ्या बंद दाराआड उभ्या राहिलो. मी दाराच्या भोकाला डोळा लावला आणि ताईने फळीला कान. सूनबाई आली, कुलूप उघडून आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि खांद्यावरची पर्स सावरत जिना उतरून गेली.

"एवढ्यात झालं तिचं?" मी म्हटलं.

"श्श!" ताईने माझा दंड धरला. "ऐक."

समोरच्या घरात नळ सुटला होता. मग बादली सरकल्याचा आवाज आला.

"आत कुणीतरी आहे," ताई पुटपुटली. "बाई ठेवलीये तिने. माझ्या पाठीमागे कामाला बाई ठेवलीये! आणि हे मेले आत घोरत पडले असतील!"

मी काही बोलायच्या आत ती दार उघडून निघाली. तिच्या मागे मी. त्यांचं कुलूप तिने चाचपतच उघडलं आणि आम्ही थेट झोपायच्या खोलीत.

कपाटाच्या उंच आरशापुढे स्टुलावर माझे दीर उभे होते. अंगात बनियन, पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, हातात फडकं.

"अहो!"

ते पडता पडता वाचले. "अगं, काही नाही. जरा धूळ होती."

या घरात धूळ हा शब्द म्हणजे शिवी. "माझ्या आरशावर? सकाळीच पुसलाय मी!"

दीर खाली उतरले. मीच विचारलं, "भाऊजी, कधीपासून चाललंय हे?"

"थंडीपासून," ते म्हणाले. "आधी सूनबाईच्या लक्षात आलं. म्हणाली, आईंना काही बोलायचं नाही, आपण करून टाकू. सुट्टीच्या दिवशी ती करते, बाकी मी."

आता ही आकाशपाताळ एक करणार, म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. पण ताई पलंगाच्या कडेवर बसली.

"डोळ्यांचं मला माहीत आहे," ती म्हणाली. "एकटीच दाखवून आले डॉक्टरांना. आतली नस सुकतेय, चष्मा वाढवून उपयोग नाही, म्हणाले. म्हटलं, मरू दे. हात तर चालतायत. इतक्या वर्षांचा हात आहे, तो चुकायचा नाही."

दीरांनी मान खाली घातली. मला रडू आलं की मी चिडते, म्हणून मी उगाच ओरडले, "मग मला का नाही सांगितलंस?"

ती उठली, आरशाच्या अगदी जवळ गेली, नाक टेकेल इतकी.

"यातलं मी पुसलेलं कुठलं आणि यांनी पुसलेलं कुठलं?"

आरशाची उजवी बाजू लख्ख होती. डावीकडे साबणाचे ओघळ वाळले होते आणि वर धुळीचे फराटे. लहान मूलही सांगेल.

"मला दोन्ही सारखंच दिसतंय गं," ती म्हणाली.

"डावीकडचं तुझं," दीर हळूच म्हणाले.

तिने त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि डावीकडे सरकून पुसायला लागली. दीर मागे उभे राहून सांगत होते, अजून वर, हां, आता जरा इकडे, दाबून. जन्मात या बाईने त्यांचं काही ऐकलं नव्हतं. आज ते सांगतील तिकडे तिचा हात जात होता.

"झालं?"

"झालं. लख्ख झालं."

ती माझ्याकडे वळली. मघाशी दाराआड उभी असताना होता तोच संशयी चेहरा. "खरं सांगतायत का गं हे?"

खालच्या कोपऱ्यात साबणाचा एक पांढरा पट्टा तसाच राहिला होता.

"हो ताई," मी म्हटलं. "खरं सांगतायत."