नामंजूर काका

बिबवेवाडीत माझं औषधांचं दुकान आहे, आणि काउंटरच्या या बाजूला उभं राहून मी माणसांचे बहुतेक सगळे नमुने पाहिले आहेत. पण नकाराचं पत्र हातात पडल्यावर ज्याचा चेहरा उजळतो, असा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. समोरच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे काका. एका विमा कंपनीत बत्तीस वर्षं ते आरोग्यविम्याचे दावे तपासत होते. म्हणजे त्यांच्या शब्दांत, "नाकारत होतो. मंजूर काय, कोणीही करतं." एकदा त्यांच्याच डोळ्यांच्या थेंबांचा दावा फेटाळला गेला, तेव्हा ते पत्र मला दाखवायला मुद्दाम रस्ता ओलांडून आले. मला वाटलं, आता माझ्या बिलावर खापर फुटणार. तर काकांनी चष्मा वर सरकवला, कागद उजेडाकडे धरला आणि शांतपणे म्हणाले, "तीन ओळींत नाकारलंय. पोराच्या हातात कला आहे."

अशा माणसाला बिल करून देणं ही एक शिक्षाच असते. औषधाचं पूर्ण नाव, बॅच नंबर, डॉक्टरांचं नाव आद्याक्षरांसकट, आणि दुकानाचा शिक्का असा, की गोलाची कडा कुठेही तुटता कामा नये. एके सकाळी मागे सहा माणसं खोळंबली असताना त्यांनी माझ्याकडून तोच शिक्का तीनदा मारून घेतला. मी वैतागून विचारलं, की इतकं बारकाईनं हे बघतं तरी कोण. तर म्हणाले, "मी बघत होतो की."

तरी मी त्यांना दुकानात बसू द्यायची, कारण त्यांचा मला उपयोग होता. एखादं औषध विम्यात बसत नाही याचा राग लोक विमा कंपनीवर काढत नाहीत, कारण तिकडे फोन उचलला जात नाही. मी मात्र समोर उभी असते. दिवसातून निदान चार जण मला चोर असल्यासारखं बघून जातात. आयटीतल्या एका मुलाला फेसवॉश घ्यायचा होता आणि बिलावर मी त्वचारोगाचं मलम लिहावं, अशी त्याची इच्छा होती. "मॅडम, क्लेम होऊन जाईल ना, तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे?" हे त्यानं पाच वेळा विचारल्यावर कोपऱ्यातल्या स्टुलावरून काका उठले. तो कागद कुठल्या टेबलावर जाईल, तिथे कोणाला कशाचा संशय येईल, हे त्यांनी त्याला समजावून सांगितलं आणि मग त्याला येणारं नकाराचं पत्र 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत तोंडपाठ म्हणून दाखवलं. मुलानं फेसवॉश परत ठेवला. खोकल्याच्या खऱ्या गोळ्या घ्यायचंही विसरून गेला. मार्केट यार्डातले एक हमाल गुडघ्याच्या गोळ्यांसाठी सरकारी योजनेचं कार्ड घेऊन आले आणि "यात समदं फुकाट हाय म्हणत्यात" असं म्हणाले, तेव्हा काकांनी नम्रपणे सांगितलं, "हे दवाखान्यात आडवं झाल्यावर चालतं. आपण उभे आहात."

मग मागच्या वर्षी काकू आडव्या झाल्या. न्यूमोनियानं आठ दिवस इस्पितळात होत्या. घरी आल्यावर पुढची औषधं आमच्याच गल्लीतल्या डॉक्टरांनी लिहून दिली. इस्पितळातून सुटल्यानंतरचे काही महिने त्याच आजाराची औषधं विम्यात बसतात, हे मला ठाऊक होतं, म्हणून त्यांनी न सांगताच मी अगदी स्वच्छ शिक्क्याचं बिल केलं. काकांनी ते घडी करून खिशात टाकलं. म्हणाले, चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरांची आहे, याचा दावा होत नाही. पाठवून तर बघा, असं मी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना दरोड्यात सामील व्हायला सांगत होते. "मीच नाकारला असता," ते म्हणाले. पण पुढच्या खेपेला त्यांनी महागड्या गोळ्यांची अर्धीच पट्टी नेली. त्याच्या पुढच्या खेपेलाही अर्धीच.

काकू स्वतः जिना उतरून आल्या, तेव्हा त्यांना धाप लागली होती. पॉलिसी त्यांच्याही नावावर होती, त्यामुळे सही त्यांची चालत होती. फॉर्म त्यांनी पदराखाली लपवून आणला होता. आम्ही दोघींनी मिळून तो भरला, मी बिलं जोडली, आणि काकांना कळू द्यायचं नाही असं ठरलं. दावा मंजूर झाला. पत्र मात्र काकांच्या हातात पडलं.

आनंदानं पेढे वाटायचे सोडून ह्या गृहस्थांनी आपल्याच जुन्या कंपनीला दोन पानी पत्र लिहून कळवलं, की आपण आमचा दावा चुकून मंजूर केला आहे. काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मीही बोलले नसते, पण मला दुकान चालवायचं होतं.

उत्तर आलं, ते काकांनी माझ्या काउंटरवर उघडलं. आजार तोच असणं आवश्यक आहे, डॉक्टर तेच असावेत अशी अट नाही, आणि पूर्वीही कधी नव्हती, एवढंच त्यात लिहिलं होतं. काकांनी ते दोनदा वाचलं. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"मॅडम," ते म्हणाले, "या एका मुद्द्यावर मी नकाराची खूप पत्रं लिहिली."

ज्यांना ती पत्रं गेली, त्यांतली एक बाई काकांच्या मनातून जाईना. लोणी काळभोरची. नवऱ्याचं ऑपरेशन पुण्यात झालेलं, पुढच्या चिठ्ठ्या गावातल्या डॉक्टरांच्या. ती तीनदा ऑफिसात आली होती आणि तिन्ही वेळा काकांनी तिला परत पाठवलं होतं. तिचं नाव, गाव, आळी, सगळं त्यांना पाठ होतं. एका रविवारी काकूंना सांगून ते बसनं निघाले.

सोमवारी आले, तेव्हा मी हातातलं गिऱ्हाईक थांबवून विचारलं.

भेटल्या, म्हणाले. नवरा मागेच गेला, पण ऑपरेशननंतर पुष्कळ वर्षांनी आणि वेगळ्याच दुखण्यानं. काकांनी ओसरीवर उभं राहूनच सगळं सांगून टाकलं, की नाकारणारा तो मी. बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. तिथं लई साहेब होते, त्यात तुमी काय आठवत न्हाई, असं म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

"गोड होता फार," काका म्हणाले. मग चष्मा वर सरकवून, "दुसरा कपही घेतला."