सतरा नंबरची बोअर

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय – ते मलाही नीट कळत नाही.

मी नागपुरात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. एखादा आकडा बाकीच्यांपासून फटकून वागला तर खोडू नका, आधी त्याचं कारण शोधा – हे दरवर्षी तावातावानं सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

पीएचडीसाठी मी उमरेडकडच्या एका विणकरांच्या वस्तीतलं पाणी तपासत होते. विहिरी, बोअर, शेजारचा नाला. सतरा नंबरची बोअर कौसल्याबाईंच्या अंगणातली, माग बंद पडल्यावर त्यांनी हौसेनं घेतलेली. मी बाटली भरत असताना त्यांनी विचारलं, "माहे गुडघे काहून धरून राहिले वं पोरी? पान्यानं त नाही?" मी हसले. जन्मभर मागावर बसलात, म्हटलं, गुडघे धरणारच.

मग निकाल आले. सगळीकडे फ्लोराइड मर्यादेत – आणि सतरा नंबरमध्ये कितीतरी पट, हाडं-सांधे धरतील इतकं. आलेखात तो एकच ठिपका वर, एकटा. त्याच्यामुळे सरासरी बिघडत होती, माझा सुबक निष्कर्ष बिघडत होता. माझे गाइड सर म्हणाले, पुन्हा नमुना आण, मग ठरव.

मी गेलेच नाही. मे महिना होता, प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती – पण खरं सांगू? आकडा पुन्हा तेवढाच निघेल याची मला भीती वाटत होती. 'बाटली नीट धुतलेली नव्हती' असं लिहून मी तो नमुना गाळला. बाटली मी स्वतः तीनदा विसळली होती.

अहवाल ग्रामपंचायतीत गेला. वस्तीचं पाणी पिण्यायोग्य.

चार वर्षांनी मी तिथं गेले. सांगायलाच गेले होते. कौसल्याबाई काठी टेकत, कमरेत वाकून दारात आल्या. मला ओळखून केवढ्या हरखल्या. "तूच लिहून देल्लं ना वं, पानी चांगलं हाय म्हनून. आता सारी गल्ली आमच्याच बोअरचं भरते."

सुनेनं लोटा पुढे केला. आता तरी बोलायचं ना? मी अर्धा लोटा प्यायले आणि म्हटलं – गोड आहे.

उरलेलं पाणी सुनेनं कडेवरच्या लेकीला पाजलं. मी बघत उभी होते.